करंट कुठं मुरतोय? जुन्या गाडीची बॅटरी आणि दिवे तपासताना

सकाळी चावी फिरवली, सेल्फने एकदा ‘टक्’ केलं आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: ‘बॅटरी गेली.’ माझ्याही तोंडून तेच निघालं होतं. नवी बॅटरी बसवली, चार दिवस गाडी नीट चालली, पाचव्या दिवशी परत ‘टक्’. मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उतरवून तपासून आणला, त्यात काही निघालं नाही. शेवटी दोष सापडला तो इंजिनला बॉडीशी जोडणाऱ्या, वेणीसारख्या विणलेल्या अर्थिंगच्या पट्टीत. वरून अगदी शाबूत, पण बोल्टखाली गंजाचा पापुद्रा. पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि दहा मिनिटं, एवढंच त्याचं औषध. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

तेव्हापासून क्रम ठरून गेला आहे: आधी मोजायचं, मग खोलायचं आणि विकत घ्यायचं सगळ्यात शेवटी. जुन्या गाडीत पार्टपेक्षा जोड जास्त दगा देतात. वायर तीच, बल्ब तोच, पण दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे वीस-पंचवीस वर्षांत गंज, ओल आणि सैलपणा शिरलेला असतो. आणि जोड खराब आहे की नाही हे त्यातून करंट वाहत असतानाच कळतं. हा मुद्दा आधी नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. त्याचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. त्यामुळे एखाद्या कुजलेल्या जोडाचा रोध हजारो ओहम झालेला असला तरी, पुढे काही जोडलेलं नसताना, मीटर खुशाल १२.६ व्होल्ट दाखवतो. ‘इथपर्यंत करंट येतोय की!’ असं म्हणून आपण बल्ब बदलतो आणि नवा बल्बही पेटत नाही. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते दिवा चालू ठेवून, बल्ब होल्डरमध्ये असताना. वायर काढून ओहममध्ये मोजणंही इथे उपयोगाचं नाही. सेल्फ फिरताना १५० अँपिअर वाहत असतील, तर जोडातला ०.०१ ओहम इतका किरकोळ रोधही दीड व्होल्ट खातो, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरवर दिसतच नाही.

हाताशी काय हवं

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, १० अँपिअरची सोय असलेला. दुसरं साधन घरीच बनवा: मागच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर आणि त्याला दोन लांब वायरी, टोकांना क्लिपा. हा टेस्ट बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे मीटरसारखा फसत नाही. त्याखेरीज पाने, पॉलिश पेपर, दोन-तीन मीटर जाड वायर, पेट्रोलियम जेली.

खबरदारीचं थोडक्यात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ ठिणगी किंवा काडी नको. आतलं पाणी म्हणजे गंधकाम्ल आहे, चष्मा लावा. टर्मिनल काढताना आधी अर्थिंगचं, बसवताना तेच शेवटी. बहुतेक गाड्यांत मायनस बॉडीला असतो, पण फार जुन्या काही गाड्यांत, विशेषतः ब्रिटिश बनावटीच्या, प्लस बॉडीला जोडलेला असतो. बॉडीला जाणारी वायर कोणत्या टर्मिनलवरून निघते ते आधी डोळ्यांनी पाहून घ्या. आणि हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये सापडलेली अंगठी क्षणात लाल होते.

बॅटरी: आधी डोळे, मग मीटर

टर्मिनलला पांढरी-हिरवी भुकटी आली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. फेस येतो तो आम्ल मरत असल्याचा. पाणी सेलच्या तोंडातून आत जाऊ देऊ नका. टर्मिनल वरून चकचकीत दिसलं तरी एकदा काढून पाहाच. शिशाचा खांब आणि त्यावर आवळलेला वायरीचा क्लॅम्प यांच्यामध्ये बसलेला काळपट थर बाहेरून दिसत नाही. दोन्ही पृष्ठभाग घासा, क्लॅम्प घट्ट बसवा आणि मगच वरून जेली लावा.

आता आकडे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही सुरू न करता, बॅटरीच्या दोन खांबांवर व्होल्टेज घ्या. नुकतीच गाडी चालवली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा. नाहीतर वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. १२.६ किंवा वर म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली. चार्जरवर ठेवूनही आकडा १०.५ च्या आसपास अडून राहिला, तर सहापैकी एक सेल मेला आहे. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा, त्यामुळे वजाबाकी लगेच जुळते. त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नका.

पण १२.६ दिसले म्हणजे बॅटरी चांगली, असंही नाही. तिला कामाला लावून बघावं लागतं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, पेट्रोल गाडी असेल तर इग्निशन कॉइलची बारीक वायर काढलेली, म्हणजे इंजिन पकडणार नाही. मीटर बॅटरीच्या खांबांवर धरा आणि दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा १० च्या वर टिकला तर ठीक. भरलेली बॅटरी ९.६ च्याही खाली घसरत असेल, तर तिची ताकद संपली. उलट सेल्फ रडतोय, पण मीटर मात्र १२ वरून हलत नाही, असं असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. करंट तिच्यातून बाहेरच पडत नाहीये. वाटेत कुणीतरी अडवतंय.

पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या पाण्याची घनता मोजणारी नळी) ही अजूनही सगळ्यात प्रामाणिक तपासणी आहे. भरलेल्या सेलमध्ये घनता १.२६ ते १.२८ च्या आसपास येते, पण एका आकड्यापेक्षा सहा सेलमधला फरक बघा. पाच सेल सारखे आणि एक ०.०५ ने खाली, तर तो एकच सेल बाकीच्यांना घेऊन बुडणार. पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आम्ल नाही.

जोडांचा हिशोब

पाच सेकंदांचा तोच सेल्फ, फक्त मीटरची जागा बदलायची. मीटर २० व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर. एक टोक बॅटरीच्या प्लस खांबाच्या मध्यावर, शिशावर, आणि दुसरं टोक त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर. एरवी इथे शून्य दिसणार. सेल्फ फिरताना ०.१ च्या आत राहायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर ते दोन मिलिमीटर अंतर अर्धा व्होल्ट खातंय.

मग मायनस खांब आणि क्लॅम्प. मग मायनस खांब आणि इंजिनचा उघडा धातू, रंग किंवा ग्रीस नसलेली जागा. इथे सेल्फ फिरताना ०.२ ते ०.३ च्या वर जाऊ नये. माझ्या त्या गाडीत इथे १.९ आला होता. बॅटरी आणि बॉडी यांच्यामध्ये जवळपास शून्य, पण बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये पावणेदोनच्या पुढे. म्हणजे दोष नेमका त्या पट्टीत. एकदा असं पायरीपायरीने उतरलं की चोर फार वेळ लपत नाही. शेवटी प्लस खांब ते सेल्फच्या मोटरवरचा जाड बोल्ट: अर्ध्या व्होल्टच्या आत.

अर्थिंगचा बोल्ट साफ करायचा म्हणजे तो पूर्ण काढायचा, नुसता आवळायचा नाही. वायरच्या टोकाची गोल लग दोन्ही बाजूंनी घासा, बॉडीचा पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, वरून जेली. लगच्या मानेशी वायर हिरवी पडली असेल, तर इन्सुलेशन दोन बोटं सोलून बघा. हिरवा रंग तांब्यात आतपर्यंत चढलेला असतो. चमकदार तांबं लागेपर्यंत कापा आणि नवी लग दाबून बसवा.

इंजिनची अर्थिंग खराब असली की सेल्फचा प्रचंड करंट दुसरी वाट शोधतो. अॅक्सिलरेटरची किंवा चोकची केबल गरम होत असेल, तर ती वाट सापडली असं समजा.

अल्टरनेटर

इथे फार वेळ जात नाही. इंजिन सुरू, आयडलपेक्षा थोडं वर, बॅटरीच्या खांबांवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. आता हेडलाइट, पंखा, वायपर सगळं लावा, १३.५ च्या आसपास टिकलं तर चार्जिंग ठीक. १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला; बॅटरीतलं पाणी सारखं आटणं आणि बल्ब पटापट उडणं ही त्याचीच लक्षणं. चार्जिंग अजिबात नसेल तर अल्टरनेटर खोलण्याआधी बेल्ट आणि डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा बघा. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. चावी ऑन केल्यावर तो पेटतच नसेल, तर उडालेला बारकासा बल्बही चार्जिंग बंद पाडू शकतो.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का बघू’ हा प्रयोग अजूनही लोक करतात. करू नका. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) किंवा गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतं.

रात्रीची गळती

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी मेलेली. म्हणजे गाडी बंद असताना कुणीतरी करंट पितंय. ग्लोव्ह बॉक्समधला ५ वॅटचा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर घेतो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी त्याने सव्वादोन दिवसांत निम्मी होते. ५० मिलिअँपिअरची गळती असेल तर तेवढ्यालाच अठरा-एकोणीस दिवस लागतात. घड्याळ आणि रेडिओची मेमरी सोडली तर जुन्या गाडीत ५० च्या आतच राहायला हवं.

सगळं बंद करा, चावी काढा. दार उघडं ठेवावं लागणार असेल तर दाराचं बटण दाबून ठेवा, म्हणजे आतला दिवा बंद राहील. बोनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. मायनस टर्मिनल काढा आणि खांब व क्लॅम्प यांच्यामध्ये आधी टेस्ट बल्ब लावा. बल्ब लख्ख पेटला तर गळती मोठी आहे. मीटर लावला असता तर त्याचाच फ्यूज उडाला असता. पेटला नाही तर बल्ब काढून त्या जागी मीटर, १० अँपिअरच्या भोकात. कॉम्प्युटर असलेली गाडी असेल तर तो झोपेपर्यंत दहा-वीस मिनिटं थांबा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही चावी फिरवू नका.

आता एकेक फ्यूज काढत जा आणि मीटरकडे बघत राहा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, त्या लाइनवर गळती. मग त्या लाइनवरच्या गोष्टी एकेक करून सोडवा. माझ्या अनुभवात वरचे मानकरी तीन: डिकीचा दिवा, कुणीतरी मागाहून जोडलेला म्युझिक सिस्टिमचा अँप्लिफायर आणि चिकटून बसलेला हॉर्न किंवा फॅनचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). हात लावून बघा, चिकटलेला रिले कोमट लागतो.

सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर? अल्टरनेटर आणि सेल्फ यांच्या जाड वायरी बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूजच्या पेटीतून जातच नाहीत. बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा आणि परत मोजा. गळती थांबली तर आतला डायोड गेला आहे.

दिवे

दिव्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न: किती दिवे बिघडलेत? एकच बंद असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्या कोपऱ्याची अर्थिंग. दोन्ही बाजूंचे एकदम बंद असतील तर फ्यूज, स्विच किंवा रिले. बल्बची तार तुटलेली डोळ्यांना दिसते, पण फ्यूज नुसता बघून सोडू नका. जुन्या काचेच्या फ्यूजची तार टोपीच्या आत तुटलेली असते आणि बाहेरून शाबूत दिसते.

हेडलाइट पिवळट, मंद झालेत ही जुन्या गाडीची नेहमीची तक्रार, आणि बहुतेक जण त्यावर जास्त वॅटचे बल्ब लावतात. तसं केलं की करंट वाढतो, वाटेतला ऱ्हास आणखी वाढतो आणि एक दिवस डिपरचा स्विच वितळतो. त्याआधी हे मोजा. इंजिन सुरू, लो बीम चालू, कपलर (वायरींचा प्लग) बल्बवर तसाच बसलेला. मागून प्रोब सरकवून बल्बच्या दोन पिनांवर व्होल्टेज घ्या. समजा बॅटरीवर १३.८ आहेत आणि बल्बवर ११.६. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेत गेले. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे व्होल्टेज १६ टक्के घटलं तरी उजेड जवळपास निम्म्यावर येतो. बल्ब निर्दोष असतो बिचारा.

आता २.२ ची वाटणी शोधा. बॅटरीचा प्लस ते बल्बची प्लस पिन: समजा १.५. बल्बची अर्थिंगची पिन ते बॅटरीचा मायनस: ०.७. बेरीज जुळली, म्हणजे मोजणी बरोबर. अर्थिंगचे ०.७ फेंडरजवळचा बोल्ट साफ केल्यावर बहुधा ०.१ वर येतात. उरलेले १.५ डॅशबोर्डवरच्या स्विचमध्ये आणि लांबलचक बारीक वायरीत खर्च होतात. त्यावर उपाय रिलेचा. बॅटरीच्या प्लसवरून, अगदी जवळच फ्यूज लावून, जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला; ८७ वरून हेडलाइटला; बल्बकडे जाणारी जुनी वायर ८६ ला; ८५ अर्थिंगला. लो आणि हाय दोन्हींना वेगळे रिले. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअरच्या आसपास ओढतात, तेव्हा २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. डाव्या-उजव्या दिव्यांना वेगवेगळे फ्यूज द्या, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा पेटता राहील. हॅलोजन बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून काच लवकर फुटते.

एक खाचखळगा: जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटला प्लस सरळ येतो आणि डिपरचा स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो. अशा गाडीत टेस्ट बल्बची एक क्लिप बॉडीला लावून तपासलं तर तिन्ही पिनांवर करंट दिसतो आणि डोकं चक्रावतं. तिथे वर सांगितलेली रिलेची जोडणीही तशीच्या तशी चालत नाही. गाडीचं वायरिंग डायग्रॅम समोर ठेवूनच हात घाला.

मागच्या दिव्यांचं भूत वेगळंच. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद मिणमिणतो, किंवा दिवे बंद असताना ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्ड उजळतो. दिसायला अद्‌भुत, कारण अगदी साधं: त्या लाइटची अर्थिंग तुटली आहे. २१/५ वॅटच्या बल्बमध्ये दोन तारांचं एक टोक सामाईक असतं. अर्थिंग नसली की ब्रेकचा करंट २१ वॅटच्या तारेतून येतो, ५ वॅटच्या तारेतून उलटा टेल लाइटच्या लाइनवर चढतो आणि इतर बल्बांतून बॉडीला पोहोचतो. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरच्या धातूला टेकवा. भूत गेलं तर बल्ब, स्विच काही बघायला नको. याच बल्बच्या दोन खुंट्या कमी-जास्त उंचीवर असतात. कुणी जबरदस्तीने उलटा बसवला असेल तर ब्रेकला टेल आणि टेलला ब्रेक पेटतो.

इंडिकेटर एका बाजूला घाईघाईने लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे, किंवा कमी वॅटचा, एलईडीचा बसवलाय. फार जुन्या, तापून चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीत) याच दोषाने दिवा लुकलुकायचा थांबून नुसता पेटून राहतो. दोन्ही बाजू बंद असतील तर फ्लॅशर विकत घेण्याआधी हॅझर्डचं बटण वीस-पंचवीस वेळा दाबून सोडा. अनेक गाड्यांत इंडिकेटरचा करंट त्या बटणातून जातो आणि वर्षानुवर्षं न वापरल्याने आतले संपर्क काळे पडतात. हसू नका, यातून बऱ्याच गाड्या बऱ्या झाल्यात.

ब्रेक लाइट दोन्ही बंद, फ्यूज ठीक, तर पेडलवरच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडा. दिवे पेटले तर स्विच बदला.

कधी पेटतो, कधी नाही असा दिवा असेल तर तो चालू ठेवून वायरिंग हलवत जा, फ्यूजची पेटी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. हेडलाइट दहा मिनिटं लावून ठेवून कपलर, फ्यूज, स्विच यांना हात लावा. जो जोड गरम लागतो तोच व्होल्ट खातोय.

सारखा उडणारा फ्यूज

नवा फ्यूज घातला की लगेच उडतो, असं झालं तर फ्यूजची अख्खी पेटी संपवू नका. फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा टेस्ट बल्ब लावा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, म्हणजे वायर जळणार नाही. आधी त्या लाइनवरचे सगळे दिवे काढा आणि कपलर एकेक करून सोडवा. एखादा सोडवल्यावर बल्ब विझला, तर दोष त्याच्या पुढे. तरीही पेटलेलाच राहिला, तर वायरिंगवरून हात फिरवत जा आणि बल्बवर नजर ठेवा. पत्र्यातून आरपार जाणाऱ्या वायरी, दाराची बिजागरी, सायलेन्सरजवळचा भाग या जागा आधी.

टेल लाइटचा फ्यूज फक्त डिकी उघडल्यावर उडत होता, अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. डिकी वर केली की बल्ब पेटायचा, खाली आणली की विझायचा. बिजागरीपाशी रबरी नळी सरकवली तर आत तीन वायरी. एकीचं इन्सुलेशन घासून अर्धा सेंटिमीटर तांबं उघडं पडलेलं, आणि त्याच्यासमोर पत्र्यावर एक काळा ठिपका. अशा वायरीला नुसती टेप गुंडाळू नका, बिजागरीत ती महिनाभरही टिकत नाही. दोन्ही बाजूंनी थोडं सरकून नवा तुकडा जोडा, जोड बिजागरीच्या बाहेर येऊ द्या, वर स्लीव्ह चढवा आणि नळी परत जागेवर बसवा. दहा वेळा डिकी उघडा-मिटा. टेस्ट बल्ब एकदाही लुकलुकला नाही, की तो काढून पेटीच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्याचाच फ्यूज घाला.